खोटा आरोप आला तर: कॅथोलिक माणसाने काय करावं आणि कुठे थांबावं

खोटा आरोप आला की आपल्याकडे पहिला सल्ला तयारच असतो: "गप्प राहा. येशूही गप्पच राहिला होता." सल्ला देणाऱ्याचं मन चांगलं असतं, पण त्याने शुभवर्तमान अर्धंच ऐकलेलं असतं. हेरोदापुढे येशूने तोंड उघडलं नाही, हे खरं. मुख्य याजक कयफासमोर खोटे साक्षीदार उभे केले तेव्हाही तो आधी गप्पच होता. पण त्याच रात्री शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा त्याने सरळ विचारलं, मी वाईट बोललो असेन तर काय वाईट ते दाखव, आणि बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? (योहान १८:२३). गंमत बघायला बसलेल्या राजाला त्याने उत्तर दिलं नाही, पण हात उचलणाऱ्याकडे पुरावा मागितला. कधी बोलायचं आणि कधी नाही, याचा विचार इथून सुरू करावा लागतो.

आरोप अनेक जातींचे असतात. मी मुख्यतः एकच डोळ्यांसमोर ठेवतो, कारण धर्मग्रामात (पॅरिशमध्ये), सोसायटीत, पतपेढीत तो कायम दिसतो. तुम्ही खजिनदार आहात, सणाचा किंवा इमारतीच्या दुरुस्तीचा हिशेब तुमच्याकडे होता, आणि कोणीतरी म्हणतं, "यांनी पैसे खाल्ले." तुम्ही खाल्लेले नाहीत. आता काय?

माझं म्हणणं असं की आरोपाने नाव जातं, पण सचोटी जाते ती बहुधा बचाव करताना. घाबरलेला प्रामाणिक माणूस एखादी पावती मागाहून बनवतो, एखादी तारीख पुढे-मागे करतो, समोरच्याच्या घरातलं काहीबाही बाहेर काढतो. मूळ आरोप खोटा असूनही तो मग खरोखरच दोषी होऊन बसतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या हे टाळण्यासाठी आहेत.

पहिली रात्र

असा आरोप हल्ली रात्री दहा-साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतो. खाली तीन-चार जण अंगठा दाखवतात, बाकीचे वाचून गप्प बसतात. त्या वेळी उत्तर टाईप करू नका. मेसेजचा स्क्रीनशॉट घ्या. तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचं नाव दिसेल असा घ्या. ग्रुप सोडू नका, कारण सोडलात की "पळाला" म्हणतात. स्वतःचा एकही जुना मेसेज डिलीट करू नका, अगदी लाज वाटेल असा असला तरी. पुरावा पुसणं हे खोटं बोलण्याचंच भावंड आहे, आणि तपासात तो पुसला हेच आधी दिसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एवढंच लिहा: "हा आरोप मला मान्य नाही. हिशेबाचे सगळे कागद मी कमिटीपुढे ठेवीन. या ग्रुपवर त्याबद्दल बोलणार नाही." मग खरोखरच बोलू नका. कोणी डिवचलं तरी नाही.

त्या रात्री घरात मात्र सांगा. नवऱ्याला, बायकोला आणि समजत्या वयाच्या मुलांना. त्यांना ते शेजाऱ्याकडून कळलं तर आरोपापेक्षा तुम्ही लपवलंत याचीच जखम जास्त होते.

झोप येणार नाहीच. स्तोत्र ३५ वाचा. त्यात खोटे साक्षीदार उभे राहतात आणि ठाऊक नसलेल्या गोष्टींबद्दल जाब विचारतात. राग फारच असेल तर १०९ वाचा. त्यातले शाप इतके कडक आहेत की दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर दैनिक प्रार्थनाविधीतून ५८, ८३ आणि १०९ ही स्तोत्रं वगळली गेली. पण बायबलमधून ती कोणी काढली नाहीत. असला राग देवापुढे ओकावा, ग्रुपवर नाही.

आधी स्वतःशी खरं बोला

एक वही घ्या आणि पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे आरोपातलं एकेक वाक्य लिहा, उजवीकडे त्यातलं खरं किती ते. हे फार मन लावून करा, कारण शंभर टक्के खोटा आरोप क्वचितच येतो. "पैसे खाल्ले" हे खोटं. पण मांडववाल्याला रोख पैसे दिले आणि सही घेतली नाही, हे खरं असू शकतं. देणगीचे पैसे आठवडाभर तुमच्या स्वतःच्या खात्यात पडून होते, हेही खरं असू शकतं. ही चोरी नव्हे, ढिलाई आहे, आणि ती आधी तुमच्याच तोंडून बाहेर आली पाहिजे. दुसऱ्याने शोधून काढली की तीच चोरीचा पुरावा ठरते.

मग कुमसाराला जा, म्हणजे प्रायश्चित्त संस्कारासाठी. तिथे जे केलंत तेच सांगा: हलगर्जीपणा, अहंकार, आरोप करणाऱ्याबद्दल मनात आलेला द्वेष. जे केलंच नाही ते नम्रतेच्या भरात कबूल करू नका, ती नम्रता नाही. आणि सल्ला हवा असेल तर फादरांकडे वेगळी वेळ मागा. कुमसारात ऐकलेलं ते कुठेही, कोणाच्याही बाजूने बोलू शकत नाहीत. तुम्ही निर्दोष आहात हे सांगण्यासाठीसुद्धा नाही. "मी फादरांना सगळं सांगितलंय, त्यांना विचारा" असं म्हणून त्यांना अडचणीत टाकणारे लोक मी पाहिले आहेत.

आरोपाला तपशील मागा

दानीएलच्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायातली सुसान्ना आठवा. प्रोटेस्टंट बायबलच्या मुख्य भागात तो अध्याय नसतो. आपल्याकडे प्रायश्चित्तकाळाच्या पाचव्या आठवड्यात सोमवारी मिस्सात तो वाचतात. दोन वडीलधारे न्यायाधीश तिला बागेत गाठतात, आमचं ऐक नाहीतर तुझ्यावर व्यभिचाराचा आरोप करू अशी धमकी देतात. ती नकार देते आणि मोठ्याने ओरडते. सभा त्या दोघांच्या वयाकडे आणि मानाकडे बघून तिला मृत्युदंड सुनावते. सुटका होते ती पोरसवदा दानीएलच्या एका साध्या युक्तीने. तो साक्षीदारांना वेगवेगळं करतो आणि प्रत्येकाला विचारतो, कोणत्या झाडाखाली? दोघं दोन झाडं सांगतात.

तुम्हीही झाड विचारा. कमिटीला लेखी पत्र द्या: कोणती रक्कम, कोणत्या तारखेची, कोणत्या व्हाउचरवरची, आणि हे कोणाचं म्हणणं आहे? "सगळ्यांना माहीत आहे" हे उत्तर घेऊ नका. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, सही-तारखेसह.

मग तुमचा गठ्ठा लावा. बँकेचं स्टेटमेंट स्वतः प्रिंट न करता शाखेतून शिक्का मारून आणा. पावतीपुस्तकं क्रमाने लावा, रद्द केलेल्या पावत्यांसकट. पावती क्रमांक ४१ रद्द झाली असेल तर तिची मूळ प्रत आणि स्थळप्रत दोन्ही पुस्तकात टाचलेल्या हव्यात, एक फाडून टाकलेली असेल तर तसं लिहून ठेवा. प्रत्येक व्हाउचरला एक ओळ द्या: कोणाला, कशासाठी, रोख की चेक, कोणासमोर. ज्या खर्चाचा कागद नाही त्यासमोर स्वच्छ अक्षरात लिहा, "कागद उपलब्ध नाही." मांडववाल्याला आता जाऊन मागच्या तारखेची पावती करून आणू नका. तो आनंदाने देईल, दहा पावत्या देईल. त्याऐवजी त्याच्याकडून आजच्या तारखेचं पत्र घ्या की अमुक दिवशी एवढी रक्कम रोख मिळाली होती. या दोन कागदांमध्ये जो फरक आहे त्यात तुमची सगळी सचोटी आहे.

संस्था सहकारी असेल, पतपेढी किंवा हाउसिंग सोसायटी, तर तुम्ही स्वतःच लेखापरीक्षणाची मागणी करा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये कलम ८१ लेखापरीक्षणाचं आहे आणि ८३ चौकशीचं. ज्याच्यावर आरोप आहे त्यानेच चौकशी मागितली की बैठकीतला आवाज जरा खाली येतो.

काय बोलावं, काय नाही

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात हा प्रश्न नेमका हाताळला आहे: आरोपीने बचावासाठी काय करावं? त्यांचं उत्तर असं की ज्याचं उत्तर देणं बंधनकारक नाही ते न सांगणं वेगळं आणि खोटं सांगणं वेगळं. पहिलं चालतं, दुसरं जीव वाचवण्यासाठीही चालत नाही. म्हणजे "याचं उत्तर मी वकिलांशी बोलून देईन" हे सचोटीचं वाक्य आहे. "मला आठवत नाही" हे आठवत असताना म्हटलं तर नाही.

दुसरी मर्यादा आपण सर्रास ओलांडतो. आठव्या आज्ञेखाली कॅटेकिझम, म्हणजे चर्चच्या शिकवणीचं अधिकृत पुस्तक, तीन पापं वेगवेगळी सांगतो (परिच्छेद २४७७): पुरेसा आधार नसताना मनात दुसऱ्याला दोषी ठरवणं, सबळ कारणाशिवाय दुसऱ्याचे खरे दोष उघड करणं, आणि खोटं बोलून बदनामी करणं. मधलं वाचून बरेच जण चमकतात. दोष खरा असला तरी! आरोप करणाऱ्याने तीन वर्षांपूर्वी भावाची जमीन लाटली असेल. त्याचा तुमच्या हिशेबाशी संबंध नसेल तर ते बाहेर काढायचा हक्क तुम्हाला नाही. त्याने आरोप केला त्याच दिवशी तुम्ही त्याला व्याजाची रक्कम देण्यास नकार दिला होता, हे मात्र सांगा. ते प्रकरणाचाच भाग आहे.

आणि आरोप करणाऱ्याचा हेतू तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालू नका. चुकीच्या आकड्यावरून प्रामाणिकपणे संशय घेणारा माणूस आणि जाणूनबुजून खोटं रचणारा माणूस दिसायला सारखेच असतात. पहिल्या प्रकारच्याला तुम्ही "खोटारडा" म्हटलंत तर उतावळा निवाडा तुमच्याकडून झाला.

"सही कर आणि मिटव"

हा सगळ्यात निसरडा टप्पा. पंधरा दिवस गेले, सगळे कंटाळले, आणि कोणी जाणता माणूस घरी येतो. काका, मामा, कधी सिस्टरसुद्धा. "अरे, एक माफीचं पत्र लिहून दे. चाळीस हजार भरून टाक. सणाआधी विषय संपव." त्यांना शांती हवी असते. पण न केलेल्या गोष्टीची कबुली ही खोटी साक्षच आहे, फक्त स्वतःविरुद्ध दिलेली. शिवाय तो कागद उद्या पोलिस ठाण्यात निघतो.

फ्रान्समध्ये पाखंडाचा खटला भरलेल्या जोन ऑफ आर्कचं उदाहरण इथे लागू पडतं. देवाचे आवाज आपल्याला ऐकू येतात, असं ती सांगत होती. २४ मे १४३१ रोजी रूआँ शहरात, जाळून मारण्याची धमकी दिल्यावर, या एकोणीस वर्षांच्या मुलीने माघारीच्या कागदावर खूण केली. चार दिवसांत तिने ती मागे घेतली. जीव वाचवण्यासाठी आपण देवाने दिलेल्या साक्षीशी बेइमानी केली, असं तिचं म्हणणं. ३० मे ला तिला जाळलं. पुढे खटल्याचा फेरविचार झाला तेव्हा साक्षीदारांनी सांगितलं, तिला वाचून दाखवलेला कागद सहा-सात ओळींचा होता. खटल्याच्या नोंदीत घातलेला मात्र त्याहून बराच मोठा. १४५६ मध्ये तो निकाल रद्द झाला, १९२० मध्ये ती संत घोषित झाली. तेव्हा कागदावर सही करायचीच वेळ आली तर पूर्ण वाचा, मोकळ्या जागांवर रेघ मारा आणि प्रत घेतल्याशिवाय उठू नका.

ढिलाईबद्दल माफी जरूर मागा. "रोख व्यवहाराच्या सह्या घेतल्या नाहीत, ही माझी चूक आहे. पैसे मी घेतलेले नाहीत." दोन वाक्यं, दोन्ही खरी. "माझ्याकडून काही झालं असेल तर माफी असावी" हे मोघम वाक्य टाळा. ऐकणारा त्यात त्याला हवं ते भरतो.

गप्प राहणं केव्हा बरोबर

मौनाचं नाव निघालं की संत जेरार्ड मजेला यांचं उदाहरण येतं. १७५४ मध्ये एका तरुणीने त्यांच्यावर दुसऱ्या एका मुलीशी गैरसंबंधांचा आरोप केला. संस्थाप्रमुख संत आल्फोन्सस यांनी विचारलं, जेरार्ड काही बोलले नाहीत, आणि त्यांचं ख्रिस्तशरीर घेणं बंद झालं. पुढे आरोप करणारी आजारी पडली आणि तिने खोटं बोलल्याचं पत्र लिहून कळवलं.

जेरार्डबद्दल मला आदर आहे, पण त्यांचं मौन सरसकट आपल्या गळ्यात घालायला माझा विरोध आहे. ते व्रतधारी ब्रदर होते, स्वतःची सफाई न देण्याचा संस्थेचा नियम ते पाळत होते, आणि त्यांच्या नावावर कोणाचं घर चालत नव्हतं. आणि त्या दुसऱ्या मुलीच्या नावाचं काय झालं असेल, हे मला कायम खटकतं. तुमच्या गप्प बसण्याने बायको-मुलांना, सहखजिनदाराला किंवा संस्थेला झळ पोचत असेल तर बोलणं हे कर्तव्य आहे. फक्त तुमच्या मानाचा प्रश्न असेल, गल्लीत कुजबुज असेल, वाटेत कोणी टोमणा मारला असेल, तर गप्प राहा.

पोलिस, वकील, कोर्ट

"ख्रिस्ती माणसाने कोर्टात जाऊ नये" असं सांगणारे करिंथकरांस पहिलं पत्र पुढे करतात. ते लिहिणाऱ्या संत पौलानेच, आपल्यावरचे आरोप सिद्ध होत नाहीत असं दिसल्यावर, कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली (प्रेषितांची कृत्ये २५). फिलिप्पैमध्ये अधिकारी त्याला तुरुंगातून गुपचूप सोडत होते, तेव्हा त्याने निघायला नकार दिला: चारचौघांत मारलंत, आता स्वतः येऊन बाहेर काढा. मला ते वाक्य फार आवडतं.

तक्रार पोलिसांत गेली तर पहिला फोन वकिलाला. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ नुसार अटक झालेल्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता येतो, आणि अनुच्छेद २०(३) नुसार आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. अटकेची भीती असेल तर अटकपूर्व जामिनाचा अर्ज आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली होतो. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारा, राष्ट्रीय मदत क्रमांक १५१०० आहे.

बदनामीचा उलट दावा मात्र रागात ठोकू नका. भारतीय न्याय संहितेत बदनामी कलम ३५६ मध्ये आहे आणि नुकसान करण्याच्या हेतूने खोटा गुन्हा दाखल करणं २४८ मध्ये. दिवाणी भरपाईच्या दाव्याला एक वर्षाची मुदत असते, तेवढी वहीत लिहून ठेवा आणि आधी चौकशीचा निकाल लागू द्या.

आरोप स्त्रीने किंवा मुलाने केला असेल तर

मत्तय १८ सांगतं, भावाकडे आधी एकट्याने जा. हिशेबाच्या भांडणात तो उत्तम नियम आहे. लैंगिक छळाच्या तक्रारीत तो पाळू नका. तक्रारदाराला भेटायला जाणं, तिच्या आईला फोन करणं, मध्यस्थ पाठवणं, हे सगळं दबाव ठरतं आणि बहुतेकदा असतंही. कामाच्या ठिकाणची तक्रार असेल तर २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीने ९० दिवसांत चौकशी पूर्ण करायची असते. तक्रार सिद्ध न होणं म्हणजे ती खोटी होती असं तो कायदा मानत नाही. तुम्ही निर्दोष असलात तरी हे मान्य करा, कारण याच नियमावर खऱ्या पीडितांची सुरक्षा उभी आहे.

शिकागोचे आर्चबिशप कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांच्यावर नोव्हेंबर १९९३ मध्ये एका माजी सेमिनरी विद्यार्थ्याने असाच आरोप केला. त्यांनी पत्रकारांसमोर जाऊन तो स्पष्ट शब्दांत नाकारला आणि इतर कोणत्याही धर्मगुरूप्रमाणे आपलंही प्रकरण चौकशी मंडळाकडे जावं असं सांगितलं. ते मंडळ त्यांनीच नेमलं होतं. फेब्रुवारी १९९४ मध्ये तक्रारदाराने दावा मागे घेतला: संमोहनातून आलेल्या आपल्या आठवणींवर विसंबता येत नाही, असं त्याचं म्हणणं. त्या वर्षाच्या अखेरीस कार्डिनल फिलाडेल्फियात त्याला भेटले आणि त्याच्यासाठी मिस्सा अर्पण केला. तो तेव्हा एड्सने आजारी होता. भेट दावा मिटल्यावर झाली, आधी नाही, हे लक्षात ठेवा.

चौकशी चालू असताना चर्चमध्ये

पद तात्पुरतं सोडा, आणि पत्रात लिहा की हे कबुलीपोटी नसून चौकशी मोकळी व्हावी म्हणून आहे. मिस्सा सोडू नका. निव्वळ आरोपामुळे कोणालाही ख्रिस्तशरीर नाकारता येत नाही. २०२१ मध्ये सुधारलेल्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, तर कलम १३२१ थेट सांगतं की उलट सिद्ध होईपर्यंत प्रत्येक जण निर्दोष मानावा, आणि कलम २२० प्रत्येकाच्या सुनामाचं रक्षण करतं. फादरांना हे नम्रपणे दाखवायला हरकत नाही. शांतिचिन्हाच्या वेळी आरोप करणारा शेजारच्या बाकावर असेल तर मान लववून "शांती असो" म्हणा. मिठी मारायचं नाटक नको.

निकाल लागलाच नाही तर

कधी लागत नाही. येशूसंघीय (जेझुइट) फादर स्टॅन स्वामी यांना एल्गार परिषद प्रकरणात ऑक्टोबर २०२० मध्ये रांचीहून अटक करून तळोज्याच्या तुरुंगात आणलं. ते ८३ वर्षांचे होते, कंपवाताने ग्लास धरता येत नव्हता. तपासयंत्रणेने दाखवलेल्या मजकुरातला एकही आपला नाही, हे त्यांनी अटकेआधीच जाहीर सांगितलं होतं. ५ जुलै २०२१ रोजी, जामीन अर्जावर सुनावणी चालू असतानाच ते वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलात वारले. खटला सुरूच झाला नव्हता. त्यांनी जे करता येण्यासारखं होतं ते केलं होतं: स्वच्छ नकार, वेळेत, स्वतःच्या शब्दांत. तुम्हीही तुमचं निवेदन एकदा नीट लिहून, तारीख घालून, सही करून घरच्यांकडे ठेवा.

निर्दोष ठरल्यावर

क्षमा आणि भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्षमा तुम्ही करायची, न मागताही. भरपाई आरोप करणाऱ्याने द्यायची, आणि कॅटेकिझमच्या परिच्छेद २४८७ नुसार तुम्ही क्षमा केलीत तरी ते देणं उरतं. चर्च हे किती गांभीर्याने घेतं ते कॅनन ९८२ मध्ये दिसतं: कुमसारात पापाला चिथावल्याचा खोटा आरोप एखाद्या फादरवर करणाऱ्याला, तो आरोप रीतसर मागे घेऊन नुकसान भरून देण्याची तयारी दाखवल्याशिवाय पापमुक्ती मिळत नाही. आरोप ग्रुपवर झाला असेल तर खुलासाही त्याच ग्रुपवर व्हायला हवा. खासगीत "जाऊ दे, विसर" म्हणणं पुरत नाही. तेवढं ठामपणे मागा, त्यापुढे त्याला झुकवत बसू नका.

कमिटीच्या इतिवृत्तात ठराव लिहून घ्या: चौकशी झाली, रक्कम जुळली, आरोपात तथ्य आढळलं नाही. त्याची शिक्क्यासह प्रत घ्या. पद परत देऊ केलं तर घेण्याआधी तीन अटी घाला: प्रत्येक चेकवर दोन सह्या, दोन हजारांवरचा खर्च रोखीने नाही, आणि सणानंतर महिनाभरात हिशेब नोटीस बोर्डावर.